साडेतीन इंची रुळांवरची आगगाडी

(१९७३ च्या अकरावी तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२३ मध्ये कुर्डुवाडी येथे केलेले भाषण)



सकाळपासून मैदानाच्या कडेला मांडलेल्या त्या छोट्या रुळांकडे बघून अनेकांनी विचारलं, "हे काय आणलंयस?" संयोजकांनी वीस-पंचवीस मिनिटं दिली आहेत, तेवढ्यात उत्तर देतो. आपल्या वर्गातून डॉक्टर झाले, प्राध्यापक झाले, एक जण कलेक्टर कचेरीतून निवृत्त झाला. मी निवृत्तीनंतर आठ वर्षं खर्चून एक आगगाडीचं इंजिन केलं. ते एका माणसाला उचलता येतं. आत खरा विस्तव पेटतो, खरी वाफ होते, आणि ते मला ओढतं. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे.

हे वेड कुठून आलं ते तुम्हाला सांगायला नको. आपण सगळे बार्शी लाइटच्या शिट्टीवर उठलेली मुलं. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची गाडी आणली. तेव्हा आपल्या स्टेशनचं नाव बार्शी रोड होतं. पुढे ती एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला पंढरपूर करत १९२७ मध्ये मिरजेला पोचली. कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हा कॅल्थ्रॉपचा नियम. त्यामुळे हलके रूळ चालले, खर्च कमी झाला, आणि आपल्या दुष्काळी मुलखाला रेल्वे मिळाली. आपल्याला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. आपल्याला माहीत होतं ते एवढंच, की आषाढीला गाडीत मुंगी शिरायला जागा नसते, आणि मधल्या सुट्टीत शेडच्या कुंपणाला नाक लावून उभं राहिलं की शर्टावर कोळशाचे कण बसतात आणि घरी मार बसतो.

कुंपणाला नाक लावणाऱ्यांत आम्ही दोघं कायम असायचो. मी आणि माझा बाकमित्र. त्याने सकाळी मला दम दिला आहे की नाव घ्यायचं नाही. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि आता खाली बघतो आहे, त्यामुळे नाव न घेताही तुम्हाला कळलं असेल. अकरावीनंतर मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो. तो इथेच रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागला आणि बॉयलर विभागात गेला. वाफेची इंजिनं बंद होईपर्यंत त्याने बॉयलरच केले. मी चिंचवडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग बोर्डापासून सुरुवात केली आणि संगणकापुढे निवृत्त झालो. छत्तीस वर्षांत मी हजारो भागांची ड्रॉइंगं केली. हाताने केलेला भाग एकही नाही.

२०१४ मध्ये निवृत्त झालो तेव्हा हीच खंत होती. घराखालच्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढली आणि भोसरीहून एक जुना साडेचार फुटी लेथ आणला. पुढे एक पिलर ड्रिल आलं, जुन्या बाजारातून शेगडा आणि कानशी आल्या, आणि लेथवरच मिलिंग करता यावं म्हणून एक व्हर्टिकल स्लाइड आली. आमच्या सौभाग्यवतींचा विरोध नव्हता. पायाला चिकटून चिपा वर स्वयंपाकघरात यायला लागल्या, तेव्हा त्यांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर चपलांचा एक स्वतंत्र जोड ठेवला. तो नियम आजही चालू आहे.

माझ्या मनात होतं बार्शी लाइटचं एफ वर्गाचं इंजिन करायचं. पुढे दोन चाकं, मध्ये आठ, मागे दोन. मित्राला फोन केला. तो म्हणाला, "चड्डीत असताना कुणी वऱ्हाडाचा स्वयंपाक करत नाही. आधी पोहे कर." त्याचं ऐकलं आणि शोध घेतला. इंग्लंडमध्ये घरच्या घरी चालतं इंजिन करणाऱ्यांची परंपरा सव्वाशे वर्षांची आहे. 'मॉडेल इंजिनिअर' हे त्यांचं मासिक १८९८ मध्ये सुरू झालं. त्यात 'एलबीएससी' या टोपणनावाने एक माणूस लिहायचा. तो १९६७ मध्ये वारला. इतक्या छोट्या बॉयलरमध्ये कोळसा नीट जळणार नाही, असं मोठमोठे लोक म्हणत होते. १९२० च्या दशकात याने अडीच इंची रुळांवरचं कोळशावर चालणारं इंजिन करून त्यावर मोठी माणसं ओढून दाखवली. नवशिक्यांसाठी त्याने 'टिच' नावाचं चार चाकी इंजिन आखलं. रुळांमधलं अंतर साडेतीन इंच, चाकं दोन इंची. तेच मी केलं. बाहेर उभं आहे ते टिच.

आता ते कसं झालं, थोडक्यात सांगतो. अडलो कुठे, ते मात्र सविस्तर.

सांगाडा म्हणजे एक सूत जाडीच्या दोन पोलादी पट्ट्या. दोन्ही एकत्र रिव्हेट करून कापायच्या आणि भोकं पाडायची, म्हणजे डावी-उजवी तंतोतंत जुळतात. कागदावर हे मला पाठ होतं. करवतीने कापताना पहिल्या अर्ध्या तासात दोन पाती मोडली. कानस कशी धरायची, हे मी साठीत शिकलो.

चाकांनी तीन महिने खाल्ले. वाफेच्या इंजिनाला दोन बाजूंना दोन सिलिंडर. दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांशी काटकोनात बसवावे लागतात. एका बाजूचा दट्ट्या टोकाला जाऊन अडला, तर दुसऱ्या बाजूचा मध्यावर असतो आणि गाडी ढकलतो. काटकोन नसेल तर इंजिन कधीतरी अशा जागी थांबेल की हलणारच नाही. मी चाकं दाबून बसवली, जोडदांडे लावले आणि फिरवलं. अर्ध्या फेऱ्यात अडकलं. काटकोन पुन्हा पुन्हा मोजला. आठ दिवसांनी उमगलं की नव्वदला अर्धा अंश कमी-जास्त झाला तरी फारसं बिघडत नाही, पण पुढच्या आसावर जेवढा असेल तेवढाच मागच्या आसावर हवा. मी प्रत्येक आस वेगळा मोजून बसवला होता. मग एक साधा जिग केला, दोन्ही आस त्यातच धरून बसवले, आणि चाकं बोटाने ढकलली की फिरायला लागली.

सिलिंडरसाठी गनमेटलचं ओतकाम हवं. इंग्लंडहून मागवलं तर कस्टमसकट खिसा फाटणार. लाकडाचे पॅटर्न स्वतः केले आणि कोल्हापूरला नेले, उद्यमनगरात ओतून घेतले. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, हे धरून पॅटर्न मोठा करावा लागतो. तेवढं मी केलं होतं. पण जाड भागाशेजारी एकदम पातळ भाग ठेवला होता. पातळ आधी गोठतो आणि जाडाच्या पोटात पोकळी राहते. बाहेरून तुकडा सोन्यासारखा होता. लेथवर बोअर करता करता शेवटच्या कापाला आत वाटाण्याएवढं भोक उघडं पडलं. चूक ओतणाऱ्याची नव्हती, माझ्या पॅटर्नची होती. पॅटर्न बदलला, पुन्हा कोल्हापूर केलं.

२०१८ च्या दिवाळीत सायकलच्या हवेच्या पंपाने सिलिंडरमध्ये हवा सोडली आणि ते इंजिन लाकडी ठोकळ्यावर उभ्या उभ्या चालायला लागलं. छुक-छुक हा आवाज आपण खेळात काढायचो, तोच. मी फोनवरून मित्राला ऐकवला. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "उजव्या बाजूचा ठोका मागे पडतोय. व्हॉल्व्ह बघ." सुमारे एकशे ऐंशी किलोमीटरवरून फोनवर ऐकून. बघितलं, तर उजव्या व्हॉल्व्हचं नट अर्धा आटा सरकलं होतं.

आता बॉयलर. आजचं माझं खरं बोलणं यावरच आहे.

इंजिनाचा बॉयलर म्हणजे तांब्याची साधारण तीन इंची आडवी नळी. तिच्या मागच्या टोकाला चौकोनी चूल, म्हणजे फायरबॉक्स. चुलीच्या चारी बाजूंनी आणि वरून पाणी. चुलीतला जाळ बारीक नळ्यांमधून पाण्याच्या पोटातून जातो आणि पुढच्या धुराड्याने बाहेर पडतो. माझ्या बॉयलरचा चालवायचा दाब चौरस इंचाला ८० पौंड. आकडा छोटा वाटतो. पण चुलीची एक बाजू तीन इंच बाय तीन इंच धरा. नऊ चौरस इंच गुणिले ८०, झाले ७२० पौंड. म्हणजे हाताच्या तळव्याएवढ्या तांब्याच्या पत्र्याला सव्वातीन क्विंटलचा रेटा. तो पत्रा फुगू नये म्हणून आतल्या आणि बाहेरच्या पत्र्याला आरपार बांधणारे तांब्याचे खिळे घालतात, त्यांना स्टे म्हणतात. सगळे सांधे चांदीच्या झाळकामाने जोडायचे.

आणि एक गोष्ट. मी बॉयलर करत होतो तेव्हा आपल्याकडे १९२३ चा बॉयलर कायदा लागू होता. कारखान्यातल्या बॉयलरला सरकारी निरीक्षक येतो, तपासतो, मग परवानगी देतो. पण २००७ च्या दुरुस्तीप्रमाणे २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचा बॉयलर त्या कायद्यात येत नव्हता. माझ्या बॉयलरमध्ये एक लिटर पाणीही मावत नाही. त्याला कुणी निरीक्षक नाही. मला कुणी विचारणार नव्हतं.

तांबं वाकवायला मी कसब्यातल्या तांबट आळीत एका म्हाताऱ्या कारागिरांकडे जाऊन बसलो. तांबं ठोकलं की कडक होतं. आणखी ठोकलं तर चिरतं. मग ते लाल तापवायचं, पाण्यात बुडवायचं, की पुन्हा लोण्यासारखं मऊ. एका कडेला तीन-चार वेळा असं करावं लागलं. हे त्यांनी मला दोन दुपारींत शिकवलं आणि पैसे घेतले नाहीत. पत्रे छान झाले. मग झाळकाम मी एकट्याने केलं. एक गॅसचा टॉर्च, टाकणखार आणि चांदीच्या कांड्या. मित्र म्हणाला होता, "मी येतो, थांब." मी थांबलो नाही. फेब्रुवारीत नातवाचा सातवा वाढदिवस होता आणि त्या दिवशी गाडी चालवून दाखवायची, असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो.

बॉयलर तपासतात तो थंड पाण्याने. पूर्ण भरायचा, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, आणि हातपंपाने चालवायच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे १६० पौंडांपर्यंत न्यायचा. पाणी दबत नाही, म्हणून त्यात शक्ती साठत नाही. सांधा सुटला तर थेंब पडतात, एवढंच. वाफेचं तसं नाही. ८० पौंडांवर बॉयलरमधलं पाणी १६२ अंशांना असतं. बॉयलर फुटला तर त्यातल्या साधारण नवव्या हिश्श्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्यातून दीडशे लिटरच्या आसपास वाफ, एका क्षणात, उकळत्या पाण्यासकट.

शंभरपर्यंत काटा गेला आणि हळूहळू खाली यायला लागला. चुलीच्या तळाशी आतला आणि बाहेरचा पत्रा जोडणारी एक चौकोनी कडी असते. तिच्या मागच्या कोपऱ्यात थेंब. पुन्हा तापवायचं तर आधी झालेले सांधे सुटायची भीती. वाढदिवसाला नऊ दिवस. मी त्या सांध्यावरून कथील फिरवलं. राखी रंगाची सुबक रेघ दिसायला लागली. पुन्हा दाब दिला. काटा १६० वर वीस मिनिटं उभा राहिला. मी वहीत लिहिलं, "चाचणी उत्तीर्ण."

इथे थोडा मागे जातो. आठवीत आपल्याला हस्तव्यवसाय होता. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकामाचा तास. सरांनी सगळ्यांना लाकडी ट्रे करायला दिला होता, कोपरे एकमेकांत अडकणाऱ्या सांध्यांचे. माझ्या सांध्यात बोटभर फट राहिली. मी सरसात लाकडाचा भुसा कालवून फटीत भरला, पॉलिश पेपर मारला. दिसायला वर्गात सगळ्यांत सुंदर ट्रे माझा. सरांनी तो हातात घेतला, दोन्ही अंगठ्यांनी कोपरा दाबला, आणि कोपरा उघडला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "भुसा भरलास होय रे?" पंचवीसपैकी नऊ. शेजारी बसलेल्याच्या ट्रेला डाग होते, पण त्याला बावीस मिळाले. शेजारी कोण ते तुम्हाला माहीत आहे.

२०१९ चा फेब्रुवारी. घरी पंधरा-वीस पाहुणे. अंगणात रूळ मांडलेले. मित्र सकाळच्या गाडीने आला. चहाचा कप हातात घेऊन इंजिनाभोवती फिरला, खाली वाकला, बोट आत घातलं. खिशातून छोटा चाकू काढून त्या राखी रेघेवर ओढला. कथील चाकूला चिकटून वर आलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू अजून भुसाच भरतोयस, लेका."

मी म्हणालो, १६० ला वीस मिनिटं धरलंय.

"गार पाण्यात धरलंय. विस्तवाला लागून धरंल?"

खरं होतं. चांदीचं झाळकाम सहाशे अंशांच्या वर वितळतं, कथील सव्वादोनशे-अडीचशेला. आणि कथलाला ताकद नसते, ते फक्त फट झाकतं. मला हे माहीत होतं. आपल्या सगळ्यांपेक्षा मला ते आकड्यांसकट माहीत होतं. आणि तरी मी, व्याही, शेजारी, सुना, मुलगे सगळे ऐकत असताना, त्याला म्हणालो, "मी इंजिनिअर आहे. हिशेब मला कळतो."

त्याने कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. आमच्या सौभाग्यवतींना नमस्कार केला, नातवाच्या हातात पाकीट दिलं आणि रिक्षा करून स्टेशनवर गेला.

मी त्या दिवशी चूल पेटवली नाही. याला शहाणपण म्हणू नका. माझे हात थरथरत होते, काडी ओढली जाईना. गॅसला काहीतरी झालंय असं सांगितलं आणि इंजिन पंपाच्या हवेवर चालवून दाखवलं. मुलांना तेवढंही आवडलं.

चार महिने आम्ही बोललो नाही. पन्नास वर्षांत एवढा खंड कधी पडला नव्हता. जूनमध्ये एका रात्री झोप येईना म्हणून खाली गेलो आणि हॅक्सॉने तो बॉयलर कापला. सहा महिन्यांचं काम होतं. कडीचा सांधा उघडून बघितला. चांदी कडेवर नखाएवढी आत गेली होती. त्याच्या पुढे तीन इंच लांबीत काळं, कोरडं तांबं आणि काचेसारखा गोठलेला टाकणखार. सांधा नव्हताच. कथील होतं.

फुटला असता का? प्रामाणिकपणे सांगायचं तर कदाचित कथील वितळून पाणी चुलीत आलं असतं, विस्तव विझला असता, आणि माझी फजिती होऊन विषय संपला असता. असंही झालं असतं. पण चुलीचं दार मागे असतं, आणि सात वर्षांचा मुलगा जाळ बघायला त्या दारापाशीच वाकतो.

रविवारी तो कापलेला तुकडा पिशवीत घातला आणि कुर्डुवाडीला आलो. वहिनींनी दार उघडलं. मी काही न बोलता तुकडा त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने चष्मा लावला, उजेडात धरून फिरवून बघितला. म्हणाला, "एका टॉर्चवर केलंस ना? तांब्यानं सगळी धग ओढून नेली." मी "चुकलो" म्हणालो. तो म्हणाला, "भाकरी खाऊन जा." एवढंच. त्यावर आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. आज इथे बोलतो आहे ते त्याची परवानगी घेऊन.

दुसरा बॉयलर दोघांनी केला. तो महिन्यातून दोन-तीन दिवस यायचा. मध्ये करोनाने वर्ष-सव्वा वर्ष गेलं. त्याने काय शिकवलं, ते इथे नोंदवून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. सांधा आधी सौम्य गंधकाम्लात धुवायचा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. बॉयलरभोवती भट्टीच्या विटांचे तुकडे रचायचे, म्हणजे धग कोंडून राहते. एका टॉर्चने सगळा बॉयलर तापत ठेवायचा, दुसऱ्याने सांधा. खोलीत अंधार करायचा, कारण तांब्याचा मंद लाल रंग उजेडात दिसत नाही. आणि कांडी जाळात धरायची नाही. जाळाने कांडी वितळली, तर त्याला अर्थ नाही. तांब्याला टेकवल्यावर, तांब्याच्या धगीने ती वितळली पाहिजे आणि फटीतून पलीकडे निघाली पाहिजे. "पलीकडं चांदी दिसली की मग सांधा झाला," तो म्हणायचा. दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि कॅडमियम नसलेलीच कांडी आणायची, तो धूर वाईट.

मीही त्याला एक गोष्ट शिकवली, असं म्हणायला हरकत नाही. तो ७२० पौंडांचा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला. त्याने तो दोनदा करून बघितला. म्हणाला, "इतकी वर्षं स्टे बसवले, ठोकून आवाजावरून चांगला-वाईट ओळखला. त्याला ओढ किती असते, ते आज कळलं." तो कागद त्याने घडी करून पाकिटात ठेवला.

नोव्हेंबर २०२१ मध्ये चाचणी. पंप मी मारला, काटा त्याने बघितला. १६० वर अर्धा तास. त्याने बोटाने प्रत्येक सांधा कोरडा असल्याचं बघितलं. मग वहीत मी लिहिलं आणि खाली सही त्याने केली. कायद्याने न नेमलेला माझा निरीक्षक.

जानेवारी २०२२ मध्ये पहिला विस्तव. रॉकेलमध्ये भिजवलेला लोणारी कोळसा आधी, मग हरभऱ्याएवढा फोडलेला दगडी कोळसा. पाणी पावसाचं साठवलेलं, कारण बोअरच्या पाण्याने आत खडे धरतात. दहा-बारा मिनिटांत काटा हलला. ८० ला सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला आणि वाफेचा पांढरा झोत आंब्याच्या फांदीपर्यंत गेला. पहिली फेरी त्याने मारली. अडुसष्टीला आलेला माणूस, मांडी घालून, ढोपरं कानाशी, डोळ्यांत धूर. धूरच होता असं तो म्हणतो.

आता शेवटचं, आणि मग जेवायला मोकळे.

शाळेला काय द्यायचं, यावर सकाळी चर्चा झाली. संगणक, प्रोजेक्टर, सगळं चांगलं आहे, मीही वर्गणी दिली आहे. पण काल मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये डोकावलो. तिथे मोडके बाक रचून ठेवले आहेत. सुतारकामाचं टेबल अजून आहे, शेगडाही आहे, गंजलेला. मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, जागा देतो, शिकवायला कोणी नाही.

तर असं ठरलं आहे. माझा लेथ, ड्रिल आणि सगळी हत्यारं एप्रिलमध्ये इथे येतील. महिन्यातले दोन रविवार मी पुण्याहून येईन. तो इथलाच आहे, तो दर रविवारी असेल. मुलं-मुली दोघांनाही प्रवेश. पहिलं काम लाकडी ट्रे. ज्यांना कानस, करवत, रंधा चालवता येतो, त्यांनी या. आपल्यातल्या काही जणींचे हात शिवणयंत्रावर चाळीस वर्षं चालले आहेत, त्यांना मापं आमच्यापेक्षा बरी कळतात. त्यांनीही या.

एक विनंती मात्र गंभीरपणे. हे ऐकून कुणाच्या नातवाला उत्साह आला आणि तो जुना कुकर किंवा गॅसची टाकी घेऊन वाफ करायला लागला, तर त्याला थांबवा आणि आमच्याकडे पाठवा. बॉयलर आमच्या शेडमध्ये दरवर्षी सगळ्यांसमोर थंड पाण्याने तपासला जाईल आणि वहीत सही होईल. सही माझी नसेल.

गाडी साडेचारला मैदानावर उभी राहील. बसणाऱ्यांनी पाय बाजूच्या फळीवर ठेवावेत, साडीचा पदर सावरून घ्यावा, आणि चुलीचं दार उघडू नये. तिकीट नाही. रांग आहे, आणि ती लावायला माझा बाकमित्र उभा असेल. त्याच्याशी हुज्जत घालू नका. मी एकदा घातली होती.